मांडीवरचा लेक

"शलाका, तुझ्याकडं पकड आहे का गं?"

सकाळच्या न्याहारीला सरनोबतकाकूंनी मला विचारलं, तेव्हा माझ्या एका हातात खोल्यांच्या किल्ल्या होत्या आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव. युरोपभर मराठी माणसांना फिरवून आणणाऱ्या बाईच्या पिशवीत काय काय असतं, याबद्दल लोकांच्या कल्पना अफाट असतात. माझ्याकडे आजवर सुईदोरा मागून झाला होता, खलबत्ता मागून झाला होता, एकदा तर पंचांगही मागून झालं होतं. पकड पहिल्यांदाच.

"पकड कशाला हवीय, काकू?"

"एक डबा उघडत नाही. तोंड घट्ट बसलंय."

लोणचं असणार, दुसरं काय. बॅगांची अडकलेली कुलपं उघडायला मी एक घडीचा चाकू बाळगायची, त्यात बरीच पाती होती. तो दिला. "हात कापून घेऊ नका. आणि लोणचं खाली टेबलावर आणू नका, हॉटेलवाले माझ्या नावानं ओरडतात."

"इथं नाही आणत," काकू म्हणाल्या आणि वर गेल्या.

बस सुटायच्या आधी त्यांनी चाकू परत दिला, धुऊन पुसून. मग रोजचा प्रश्न विचारला, "आज ती बाई नक्की ना?"

ती बाई म्हणजे लाकडाची एक मूर्ती. ऱ्हाईन नदीकाठी एक लहानसं गाव आहे, त्याचं नाव मी सांगत नाही, आमच्यामुळे त्या लोकांना झाला तेवढा ताप पुरे. तिथं एक जुनं गॉथिक चर्च आहे आणि त्यात मेरीची सहाशे वर्षांपूर्वीची मूर्ती आहे. मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या एका कोपऱ्यात तिचा तिकिटाएवढा फोटो होता. बाकी मंडळी स्वित्झर्लंडच्या बर्फावर डोळे लावून बसलेली. काकूंचं सगळं चित्त त्या तिकिटावर.

"मी भिंगातून बघितलंय," मुंबईच्या विमानतळावरच त्यांनी मला सांगितलं होतं. "त्या मुलाचं तोंड थोडं उघडं आहे."

मला तर आनंदच झाला होता. चर्चचं नाव काढलं की निम्म्या लोकांचे गुडघे दुखायला लागतात. इथं कोल्हापूरची साठी उलटलेली बाई सहाशे वर्षांपूर्वीच्या मूर्तीचे ओठ भिंगातून बघत होती! अशी एक जरी भेटली तरी मला सहलीचं सार्थक वाटतं.

बस गावाबाहेर पडली, तसे काकूंचे यजमान, बाजीरावकाका, माझ्या शेजारी येऊन बसले. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, ओतकामाच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. सहलीत त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती, म्हणून माझे लाडके.

"शलाका, तेवढं एक चर्च गाळता येईल का?" ते अगदी हळू म्हणाले.

"का हो काका? काकू तर त्याच्यासाठीच आल्यात."

"म्हणूनच म्हणतो." त्यांनी मागे वळून पाहिलं. काकू खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, पर्स पोटाशी धरून. "आमचा रणजित गेला. कॅनडात होता. बारा वर्षं झाली. हायवेवर गाडी ट्रकखाली गेली. ही कधी बोलत नाही त्याच्याबद्दल. एक अक्षर नाही."

एवढे दिवस मी या दोघांच्या जेवणाखाणाची चौकशी करत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हिचा पासपोर्ट नव्हता तेव्हा. मी एकटाच गेलो. निघताना हिनं गंगेचा गडू दिला हातात. आमच्या आईनं काशीहून आणलेला, पत्रा झाळून तोंड बंद केलेला. घरातलं कुणी जायला लागलं की फोडायचा आणि पाणी तोंडात घालायचं, माहीत आहे ना तुला? पोराच्या तोंडात घाला म्हणाली." काकांनी पुन्हा एकदा मागे पाहिलं. "घातलं. तुळशीपान, गंगा, सगळं नीट केलं आणि गडू तिथल्या नदीत सोडला. आल्या आल्या तिनं तेवढं एकच विचारलं मला. त्या एका गोष्टीवर उभी आहे बघ ती. आता तिथं तो मांडीवरचा मुलगा बघितला आणि कोसळली म्हणजे?"

चर्च गाळणं माझ्या हातात नव्हतं. वेळ ठरलेली होती, तिथल्या बाई वाट बघत होत्या. "मी काकूंच्या शेजारीच उभी राहते," मी म्हटलं. "काही झालं तर लगेच बाहेर आणते."

काकांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

चर्च गावाच्या मानानं फारच मोठं. सगळी घरं त्याच्या पायाशी बसल्यासारखी. दारातच काकू वाकल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

"काकू, इथं बूट काढायचे नसतात."

"असू दे. मला नाही जमायचं."

आत उभ्या असलेल्या बाईंनी चष्म्यावरून काकूंचे पायातले मोजे पाहिले. यांचं नाव लिंडनर. चर्चमधल्या मूर्ती, चित्रं, सोन्याचांदीची भांडी, सगळ्याची देखभाल त्यांच्याकडे. केस आखूड पांढरे, हातांत पांढरे सुती हातमोजे. त्या जर्मनमध्ये सांगायच्या आणि मी मराठीत. बूट का काढले ते मी समजावलं. "फरशी थंड आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मी त्या चर्चमध्ये चारपाच वेळा गेले असेन, तरी आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जायची. दगडी खांब वर वर जातात आणि छताशी टोकदार कमानी होऊन एकमेकांना भेटतात. उंच खिडक्यांतल्या निळ्यालाल काचांतून ऊन आलं होतं आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडांवर रंग पडले होते. वेदीवरचं, कपाटासारखं उघडणारं तीन फळ्यांचं चित्र लिंडनरबाईंनी आमच्यासाठी उघडलं, तेव्हा मागच्या सोनेरी मुलाम्यानं मंडळी गप्पच झाली. नंतर एका गृहस्थांनी सोनं किती तोळे असेल ते विचारलं. मी ते भाषांतर केलं नाही.

"एवढ्या उंच भिंती आणि त्यात एवढ्या खिडक्या," लिंडनरबाई सांगत होत्या, "मग हे पडत कसं नाही? तर बाहेरून दगडी टेकू दिलेत. आतून ते दिसत नाहीत."

"म्हणजे आत उभं राहणाऱ्याला कळतच नाही कशाच्या आधारानं उभं आहे ते," काकू म्हणाल्या. मी कौतुकानं तेही भाषांतर करून टाकलं. लिंडनरबाई पहिल्यांदा हसल्या. काका मात्र खिडकीकडे बघत राहिले.

मूर्ती डाव्या बाजूच्या एका लहान दालनात होती. पुढे कमरेएवढा दोर, त्यामागे दगडी चौथरा आणि त्यावर ती. मेरीचा चेहरा रडून रडून आता कोरडा पडलेला. मांडीवर तो हाडकुळा लेक आडवा, एक हात खाली लोंबणारा, डोकं मागे कललेलं. ओठ जरासे उघडे, आत दात कोरलेले. ओठांवर जुना लाल रंग अजून होता.

मी काकूंच्या शेजारी उभी होते. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. काका दोन पावलं मागे होते. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात मागे फ्लॅश उडाला. फ्लॅश मारू नका हे मी त्या दिवशी किती वेळा सांगितलं असेल! मी चिडून वळले, सोनं विचारणारेच गृहस्थ होते, त्यांना दोन शब्द सुनावले, आणि माझ्या पाठीमागे शिट्टीसारखा गजर सुरू झाला.

काकू दोराच्या आत होत्या. त्यांच्या डाव्या हातात तांब्याचा एक लहान गडू होता, तोंडाचा पत्रा वाकडातिकडा फाडलेला. उजव्या हातात पळी. त्या ख्रिस्ताच्या उघड्या ओठांत त्यांनी तुळशीचं वाळकं पान ठेवलं होतं आणि त्यावर त्या पाणी घालत होत्या. अगदी सावकाश, आजाऱ्याला पाजावं तसं.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. सहाशे वर्षांपूर्वीचं लाकूड, त्यावरचा रंग, आणि पाण्याचा ओघळ हनुवटीवरून मानेवर चाललेला. लिंडनरबाई मला ढकलून पुढे धावल्या. त्यांनी काकूंचं मनगट धरलं आणि माझ्याकडे वळून किंचाळल्या, "आम्ल आहे का? आम्ल आहे का हे?"

माथेफिरू लोकांनी चित्रांवर आम्ल फेकल्याचे प्रकार तिकडे झालेले आहेत. पाणी आहे, साधं पाणी आहे, असं मी म्हणत राहिले, पण त्या ऐकेनात. तोंडाचा पत्रा फाडलेलं धातूचं भांडं, ते लपवून आणलेलं. कोण विश्वास ठेवील?

"काय म्हणते ती?" काकूंनी विचारलं. गजर वाजत होता, तरी त्यांचा आवाज शांत.

"विष बिष आहे का विचारतायत!"

"तीर्थ आहे म्हणावं. घे, हात कर."

आणि मी हात केला. घरी देवापुढे करतात तसा, उजव्या हाताचा खळगा करून. काकूंनी पळीभर पाणी घातलं, मी ते पिऊन टाकलं आणि सवयीनं ओला हात डोक्यावरून फिरवला. तांब्याची कळकलेली चव होती. लिंडनरबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पडले नाही, तेव्हा त्यांनी काकूंचं मनगट सोडलं.

मग माझं लक्ष काकांकडे गेलं. सगळे जण मूर्तीकडे बघत होते. काकांनी मूर्तीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते गडूकडे बघत होते. खांबाला धरून ते खाली बसत चालले होते.

गजर बंद झाला. बाकीच्या मंडळींना मी चौकात कॉफी प्यायला पिटाळलं. काकांना बाकावर बसवलं. लिंडनरबाईंनी चिमट्यानं ते पान उचललं, कापसाच्या बोळ्यांनी ओघळ टिपला. शेवटचा बोळा त्यांनी उजेडात धरला. त्यावर मोहरीएवढा लाल ठिपका होता.

"खालच्या ओठाचा," त्या म्हणाल्या. "युद्धात छप्पर पडलं तेव्हासुद्धा हा रंग गेला नव्हता." मग माझ्याकडे वळल्या. "तिला विचारा. का केलं? पोलिसांना बोलावायचं की नाही ते मी नंतर ठरवीन. आणि एक शब्दही गाळू नका."

मी काकूंना विचारलं.

"मरताना तोंडात पाणी घालतात आमच्यात," काकू म्हणाल्या. "मेल्यावर तरी घालतातच. सांग तिला. ही बाई एवढी वर्षं लेकाला घेऊन बसलीय, तोंड उघडं आहे त्याचं, आणि कुणी चमचाभर पाणी आणून दिलं नाही तिला."

मी सांगितलं. लिंडनरबाईंनी गडूकडे बोट केलं. "हे पाणी कुठलं?"

"काशीचं. माझ्या सासूबाईंनी आणलेलं. घरात एकच गडू होता. माझ्या रणजितसाठी मी तो ह्यांच्याबरोबर कॅनडाला पाठवला होता."

मी भाषांतराला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बसमधलं काकांचं बोलणं माझ्या कानात होतं. तो गडू तर नदीत सोडला होता.

"पुढं सांग की," काकू मला म्हणाल्या. मग त्या काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, मोज्यांवरच. "दुसऱ्या दिवाळीला माळा साफ करायला काढला, तेव्हा तुमच्या जुन्या बॅगेत सापडला. लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवला होतात. तोंडावरचा झाळलेला डाग जसाच्या तसा. फोडलेलासुद्धा नव्हता."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"दहा वर्षं?" मी न राहवून म्हटलं. "काकू, दहा वर्षं तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर ह्यांना सांगावं लागलं असतं ना, तिथं काय बघितलं ते."

त्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये काका रडले, तो आवाज मी विसरू शकत नाही. त्या ताठ माणसातून असा आवाज निघेल असं मला कधी वाटलं नसतं.

"तोंडच नव्हतं, विमल," ते म्हणाले. "पेटी उघडू नका म्हणत होते ते लोक. मी भांडलो, तू सांगितलं होतंस म्हणून भांडलो. उघडली त्यांनी. चेहराच राहिला नव्हता गं पोराला. गडू हातात होता माझ्या. कुठं घालू पाणी?"

लिंडनरबाईंनी माझी बाही ओढली. "काय म्हणाले ते?" शब्द गाळू नका असं त्यांनीच बजावलं होतं, म्हणून मी सांगितलं. त्यांनी तो लाल ठिपक्याचा बोळा एका लहान पिशवीत घातला आणि पिशवी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

काकू काकांच्या शेजारी बसल्या. पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "अंदाज होता मला," त्या म्हणाल्या. "गडू तसाच बघितला त्या दिवशीच कळलं. तुम्ही घातलं नाही म्हणजे घालण्यासारखं काही उरलं नसणार. नाहीतर तुम्ही तसे परत येणारे नव्हे." पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "मग हा फोटो बघितला. ह्याचं तोंड होतं."

पोलीस आले नाहीत. लिंडनरबाईंनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं आणि सही घेतली. आमच्या कंपनीनं पुन्हा या चर्चमध्ये पाऊल ठेवू नये असंही स्पष्ट सांगितलं. त्यात काही चूक नव्हती. मोठ्या दाराशी लोक जमले होते, म्हणून त्यांनी बाजूचं लहान दार उघडलं. आम्हाला थांबा म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काकूंचे बूट होते. ते त्यांनी उंबऱ्याबाहेर जोडीनं ठेवले. काकू बसून नाड्या बांधेपर्यंत त्या तिथं उभ्या होत्या. मग दार लागलं.

मागच्या गल्लीतून खाली गेलं की नदीच. बोटीच्या धक्क्यावर आमची मंडळी दिसत होती, हात हलवून मला बोलावत होती. काकू तिकडे वळल्या नाहीत. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, त्यांवरून ओलं लागेपर्यंत खाली गेल्या आणि पर्समधून गडू काढून काकांच्या हातात दिला.

"काय सांगितलं होतंत मला? तोंडात पाणी घातलं आणि गडू नदीत सोडला," त्या म्हणाल्या. "घालायचं मी घातलं. सोडायचं तुमचं राहिलंय."

त्या नदीत काडी टाकायलाही मनाई आहे, तशी पाटीच होती. कायद्याच्या बाबतीत मी फार कडक बाई आहे, मंडळी वैतागतात माझ्यावर. मी वरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला खालचं दिसायला नको. पण मान वळवून बघितल्याशिवाय राहवलं नाही.

काका उकिडवे बसले होते, काकू शेजारी पायरीवर. गडू त्यांनी पाण्यावर ठेवला, पण बोटं सुटेनात. सुटली तेव्हा गडू बुडलाच नाही. फाटकं तोंड वर करून तो तरंगत राहिला आणि लाटेबरोबर पायरीशी परत आला. काकांनी घाबरून त्याला धरायला हात पुढे केला. काकूंनी तो हात वरच्यावर धरला आणि आपल्या मांडीवर घेतला.

"राहू दे. जाईल."

एक मोठी बोट गेली, तिच्या लाटा आल्या. गडू कलंडला, पाणी भरलं आणि खाली गेला. थोडा वेळ तांबडं दिसलं, मग तेही नाही.

"आता खरं झालं तुमचं बोलणं," काकू म्हणाल्या.